किनारा ‘मागे सरकला’ हे नेमकं कशावरून ठरवतात?

वाळूवेडा:
किनाऱ्यांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंचं व्याख्यान ऐकलं. अमुक पुळण (वाळूचा किनारा) वर्षाला सरासरी एक मीटर मागे जाते, असं त्या म्हणाल्या. पण भरती-ओहोटीत पाणी रोजच कितीतरी मीटर पुढेमागे होतं. मग त्या मोजतात ती रेषा कुठली? आणि समुद्र वर्षाला जेमतेम चार मिलिमीटर वाढत असेल, तर त्यानं पूर कसा येतो?

उधाणरेषा:
माझं कामच हे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पाण्याची कड ही मुळात क्षणाची गोष्ट. म्हणून आधी एक पातळी ठरवून घ्यायची, बहुतेकदा सरासरी समुद्रपातळी. उपग्रहानं चित्र टिपलं तेव्हा भरती किती होती ते काढायचं, पुळणीचा उतार धरायचा आणि दिसलेली कड त्या ठरलेल्या पातळीवर आणून ठेवायची. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९८४ पासून आहेत, त्यातला एकेक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरच्या ३० मीटरांएवढा. एकेका चित्रात दहाएक मीटरची चूक राहते, पण चाळीस वर्षांत एक मीटरप्रमाणे किनारा चाळीस मीटर हलतो. शेकडो चित्रं एकत्र घेतली की तो कल स्पष्ट दिसतो.

कठीण भाग पुढे आहे. वादळ एका रात्रीत वाळू ओढून नेतं आणि समुद्रात थोड्या अंतरावर तिचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा लांबट उंचवटा, घालतं. नंतरच्या शांत लाटा तीच वाळू महिनोन्महिने परत आणतात. म्हणजे वादळानंतरचा फोटो दाखवून ‘किनारा गेला’ म्हणणं चूक, आणि भरलेली पुळण दाखवून ‘काही झालं नाही’ म्हणणंही तितकंच चूक. सिडनीजवळच्या नॅराबीनला १९७६ पासून जवळजवळ दर महिन्याला पुळणीची मोजणी होते आहे. तिथं एल निन्योच्या (प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापण्याच्या) चक्राबरोबर पुळणीचं एक टोक भरतं नि दुसरं झिजतं, हे कळलं ते इतकी वर्षं कुणीतरी चिकाटीनं मोजत राहिलं म्हणून. अशा कामाला निधी मिळवणं फार अवघड असतं, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पुराचं. १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. ती एकटी घरात शिरत नाही. तिच्यावर उधाणाची भरती येते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर फुगतं. वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो. शेवटी फुटणाऱ्या लाटा किनाऱ्यालगतची पातळी आणखी उचलतात आणि उतारावर चढून येतात. बंदरातल्या आडोशाच्या भरतीमापकाला हा लाटांचा वाटा बहुतेक दिसतच नाही. पायथाच वीस सेंटीमीटर वर आला की पूर्वी काठाशी थांबणारं वादळ आता काठ ओलांडतं.

दीपस्तंभ:
मग सरळ भिंत बांधली की झालं ना?

उधाणरेषा:
भिंतीमागची जमीन वाचते, पुढची पुळण बहुतेकदा जाते. किनारा मागे सरकत असताना पुळणीलाही मागे सरकायला जागा लागते, ती भिंत अडवते. वाळू किनाऱ्याला समांतर वाहत असेल तर बांधकामाच्या पलीकडे धूप वाढते, म्हणजे त्रास शेजारच्या गावाला. दाट शहरापुढे कधी भिंतीशिवाय इलाज नसतो, हे मान्य. पण नेदरलँड्समध्ये २०११ साली दुसरी वाट धरली: सुमारे दोन कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती पसरवायचं काम लाटा-वाऱ्यावर सोपवलं.

वाळूवेडा:
धन्यवाद! म्हणजे वाढलेल्या पातळीवरून ‘किनारा इतके मीटर मागे जाईल’ असं थेट सांगता येत नाही?

उधाणरेषा:
तसं थेट सांगणारं एक सूत्र आहे, किनारा-अभियंते पेर ब्रून यांचं, १९६२ चं. ढोबळमानानं पातळीवाढीच्या ५० ते १०० पट माघार. पण वाळू आजूबाजूला जात-येत नाही असं ते धरून चालतं, आणि नदीचं मुख, खडक किंवा बांधकाम जवळ असेल तर ते कोलमडतं. २०२० मध्ये शतकाअखेर जगातल्या निम्म्या पुळणी नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचा शोधनिबंध गाजला, त्यावर इतर अभ्यासकांनी असा आक्षेप घेतला: जागा मोकळी असेल तर पुळण मागे सरकून टिकते. मला त्यांचं पटतं. स्वतः पाहायचं असेल तर उपग्रहचित्रांतून किनाऱ्याची रेषा काढणारं ‘कोस्टसॅट’ हे मोफत साधन आहे, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत असली की पुरे. सुरुवातीला तुमच्या चांगल्या माहितीतला किनारा घ्या.