पाऊस चालेल, धुकं नको

रविवारी यॉर्कशरमध्ये पाऊस-वारा सांगितलाय, क्ले शूटिंगचं, म्हणजे हवेत फेकलेल्या तबकड्या बंदुकीने फोडायच्या खेळाचं, बुकिंग रद्द करू का, असं विचारलंयस. नुसत्या पावसासाठी नको करूस. इंग्लंडात कोरड्या रविवारची वाट बघत बसलास तर बंदूक हातात यायचीच नाही.

खरी गंमत वाऱ्याची. तबकडी जेमतेम ११० मिमी व्यासाची, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. समोरून वारा आला की ती मधेच वर उचलली जाते, पाठीमागून आला की खाली दबते. गेल्या नोव्हेंबरात मी ओळीने सहा चुकवल्या. शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, "ती जिथे असायला हवी तिथे मारतोयस, आहे तिथे मार." सातवी फुटली!

पावसाचा त्रास होतो तो चष्म्याला. काचेवर थेंब साचले की नारिंगी तबकडीचा नुसता डाग दिसतो. पुढे झाप असलेली टोपी घाल, खिशात कोरडा सुती रुमाल ठेव. पण वैतागून चष्मा काढू नकोस, ठिकऱ्या उडून येतात. बंदूक क्लबचीच असणार, म्हणजे गंजाची काळजी त्यांना.

धुकं असेल तर मात्र सरळ घरी बस. छर्रे पडायला समोर साधारण २७५ मीटर मोकळी जागा राखतात. तीच दिसत नसेल आणि कुणी कुत्रा फिरवत आत शिरलं तर? विजा कडाडल्या तरी तेच, बंदूक ठेवून गाडीत. निघण्याआधी क्लबला एक फोन कर.