नऊ एकांचा वर्ग सुरेख येतो, दहा एकांना काय होतं?

सहावीतलीची आई:
लेकीला वर्गसंख्यांचा गृहपाठ होता. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१ हे दिसल्यावर ती एकेक एक वाढवत गेली. नऊ एकांपाशी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने हात टेकले. दशांशचिन्ह आणि शेवटी 'ई१६' दाखवायला लागला. मग दोघी चौकटीची वही घेऊन बसलो. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, कुठूनही वाचा, तेच! लेक नाचलीच.

पण दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतोय. चढताना आठ कुठे गेला? तीनदा करून पाहिलं, चूक सापडत नाही. "असंच असतं" म्हणून मला तिला गप्प करायचं नाही. आणि ही सतरा अंकी संख्या वाचायची कशी?

पाटीपेन्सिल:
ताई, तुमचं उत्तर बरोबर आहे. तीच वही पुन्हा उघडा. नऊ एकांच्या गुणाकारात नऊ ओळी आहेत, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभे रकाने मोजा. उजवीकडून पहिल्यात एकच १, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

दहा ओळींत मधल्या रकान्यात दहा होतात. ० मांडा, हातचा १. तो शेजारच्या नवात मिळवला की पुन्हा दहा: पुन्हा ०, हातचा १. तो आठात गेला आणि आठाचे नऊ झाले. तुमचा आठ तिथेच आहे, नऊ होऊन.

लेकीला अंकांची बेरीजही करू द्या. नऊ एकांच्या वर्गात ८१ येते, नवाचा वर्ग. दहा एकांना १०० यायला हवी, येते ८२. प्रत्येक हातच्याला एका घरातले दहा जातात, शेजारी एकच येतो, म्हणजे नऊ घटतात. हातचे दोन, घट अठरा.

कसारा लोकल:
या संख्यांना नाव आहे: डेम्लो संख्या. नाव ठेवलं देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन. तिथे त्यांना या संख्यांचा विचार सुचला. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे ते जगभर माहीत झाले, पण मी रोज डोंबिवलीवरून जातो, मला या जास्त जवळच्या. लेकीला हे नक्की सांगा.

अंकमित्र:
वाचण्याबद्दल: भास्कराचार्यांच्या एकक, दशक, शतक अशा स्थानांच्या यादीत उजवीकडून सतरावं घर 'मध्य', आणि मधला ९ बसतो 'अर्बुद' या घरात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि हे तिन्ही मूळ अवयव. त्यामुळे त्याच्या वर्गाला ४५ विभाजक. विषम, कारण पूर्ण वर्ग आहे.

सहावीतलीची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाटीपेन्सिल सर, तुमचं वाचून तिने आपणहून अकरा एक घेतले. उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. हातचे चार, त्यांवर लाल पेनने गोल केलेत. १२१ मधून ३६ वजा करून ८५ आधीच लिहून ठेवले, मग अंकांची बेरीज केली. ८५च आली. आता बारा एक चाललेत, वहीची दोन पानं चिकटवून.