केलापा गाडिंगमध्ये घर घ्यायचं, पण नावावर कोणाच्या?

पागोळी

परवा दर्यावर्दी यांनी लिहिलं की जकार्तात नोकरीला आलेल्या मराठी माणसाने भाडं भरत बसू नये, उत्तर जकार्तातल्या केलापा गाडिंग वसाहतीत सरळ घर घ्यावं. परदेशी माणसाच्या नावावर होत नसेल तर ऑफिसातल्या विश्वासू स्थानिकाच्या नावावर घ्यावं आणि बाजूला त्याच्याकडून, घराचे पैसे आपण त्याला उसने दिलेत असा, कर्जाचा कागद लिहून घ्यावा. वर "पूरबिर जुन्या गोष्टी, आता एलआरटी (मेट्रोसारखी हलकी रेल्वे) आली, भाव वाढणारच" हेही. मी गप्प बसणार होते. पण खाली चार जणांनी "छान माहिती, सेव्ह केली" असं लिहिलेलं दिसलं आणि राहवेना.

मी अकरा वर्षं गाडिंगमध्ये भाड्याने राहतेय. जागेबद्दल माझी काडीची तक्रार नाही. सत्तरच्या दशकात इथे दलदल आणि भातखाचरं होती. 1975 साली निघालेल्या समरेकॉन कंपनीने त्यावर वसाहत उभी केली. आज भाजी, डॉक्टर, शाळा, मॉल सगळं हाकेच्या अंतरावर. गल्लीच्या तोंडाशी फाटक, तिथे सतपाम, म्हणजे रखवालदार, बसलेला. रात्री दहाला मी एकटी चालत घरी येते. राहायला जरूर या.

पण दुसऱ्याच्या नावावर घर? 1960 च्या जमीन कायद्याचं कलम 26 वाचा. हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, इंडोनेशियन नागरिकालाच. आडवळणाने ती परदेशी माणसाकडे न्यायचा व्यवहार केला तर तो मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हे पैशांचं वाक्य माझं नाही, कायद्यातलंच आहे. तो कर्जाचा कागद कोर्टात काढलात तर कायदा चुकवल्याचा पुरावा आपणच दिला असं होतं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ड्रायव्हरच्या नावावर घर घेतलं. बारा वर्षं तो माणूस प्रामाणिक राहिला, अगदी शेवटपर्यंत. मग तो वारला आणि त्याची बायको तीन मुलांना घेऊन दारात उभी राहिली. तिचं काय चुकलं? कागदावर घर तिच्या नवऱ्याचंच होतं.

दर्यावर्दी

पागोळीताई, घाबरवणं सोपं असतं. कायदेशीर मार्ग आहे, तो तुम्ही सांगितलाच नाहीत. 2021 च्या नियमाप्रमाणे परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापरायचा हक्क मिळतो. आधी 30 वर्षं, मग 20, मग आणखी 30. झाली की 80. नवी मुंबईत एक अख्खी पिढी सिडकोच्या 60 वर्षांच्या लीजवर राहिली, तिथे कोणी रडलं नाही. आणि अकरा वर्षांचं भाडं एकदा बेरीज करून बघा.

पागोळी

हाक पाकाईबद्दल तुमच्या मूळ लिखाणात एक अक्षर नव्हतं. आता सांगताय तर पूर्ण सांगा. जकार्तात परदेशी माणसाने घ्यायचं घर किमान 5 अब्ज रुपियाचं, फ्लॅट किमान 3 अब्जाचा. म्हणजे आपल्याकडचे अडीच कोटी आणि दीड कोटी, दोन्हींच्या पुढे. शिवाय राहण्याचा परवाना संपून कायमचं निघालात की वर्षाच्या आत विकायचं. नोकरी सुटली म्हणून सिडको कुणाला वर्षभरात घर विकायला लावत नाही.

सांडगी मिरची

पूर जुनी गोष्ट? मी 2007 चा फेब्रुवारी गाडिंगमध्ये काढलाय. घरात कमरेएवढं पाणी. दोन रात्री वरच्या मजल्यावर, वीज नाही, प्यायला दोन गॅलन. जिन्यावरून खाली बघितलं तर सासूबाईंनी दिलेला पोळपाट स्वयंपाकघरातून तरंगत बाहेरच्या खोलीत आलेला. तो बघून मला रडू फुटलं, टीव्ही बुडाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

नंतर घरमालकाने फरशी दीड फूट उचलली. छत होतं तिथेच. मुलगा उंच झाला तसं दाराच्या चौकटीला त्याचं डोकं लागायला लागलं.

दर्यावर्दी

2007! किती वर्षं तेच उगाळणार? 26 जुलै 2005 ला मुंबईत 944 मिलिमीटर पडला. म्हणून मुंबईत घर घ्यायचं सोडलंत?

सांडगी मिरची

2020 च्या जानेवारी-फेब्रुवारीत काय झालं? 1 जानेवारीला जकार्ताच्या हलीम विमानतळावर एका दिवसात 377 मिलिमीटर. तेव्हाही गाडिंगच्या रस्त्यांवर पाणी होतं. उत्तर जकार्ता खचतंय, बोअरने उपसून उपसून. काही भाग समुद्रसपाटीच्या खाली गेलेत. पुराचं पाणी उपसणारा पंप बंद पडला की ते जाणार कुठे?

कोथरूडकर

अवांतर आहे, पण फरशी उचलल्याचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. आमच्याकडे रस्ता उंच करतात. जुना न खरवडता त्यावर नवा थर, मग काँक्रीट. आमची सोसायटी 1986 ची. तेव्हा फाटकातून रस्त्यावर उतरायचो, आता चढतो. पहिल्या पावसात पार्किंगमध्ये पाणी. सांगायला जावं तर एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. तिकडे काय करतात?

सांडगी मिरची

डिट्टो! इथेही रस्ता उचलतात, मग ज्याच्याकडे पैसे तो घर उचलतो, ज्याच्याकडे नाहीत तो खड्ड्यात. आमच्या गल्लीत तीन घरं ओळीने तीन उंचीची होती. मधलं म्हाताऱ्या जोडप्याचं, सगळ्यात खाली. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या अंगणातलं पाणी त्यांच्याकडे.

कोथरूडकर

हेच तर! उंच करणाऱ्याला कोणी विचारत नाही. 2024 च्या जुलैत सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, माझी बहीण तिथे राहते. लोकांना रात्रीतून घरं सोडावी लागली. नदीकाठी भराव टाकणारे वेगळे आणि भोगणारे वेगळे.

दर्यावर्दी

खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याचा आणि जकार्तातल्या गुंतवणुकीचा काय संबंध? पुण्याचं रडगाणं इथे कशाला?

कोथरूडकर

रडगाणं? माझ्या बहिणीचा संसार चिखलात गेला, साहेब. तोंड सांभाळून लिहा. आणि मुंबई तुम्हीच आणली होतीत ना मध्ये? तुम्ही दलाल आहात का, हे एकदा सांगून टाका.

दर्यावर्दी

दलाल नाही. पुण्याबद्दल जास्त बोललो, मान्य. पण रुपिया घसरतो म्हणून घर नको, असं मला निरोपातून दोघांनी कळवलंय, त्यांना इथेच उत्तर देतो. 2014 च्या आसपास डॉलरला 12,000 रुपिया होते, आता 16,000 च्या वर. आपला रुपया तेव्हा 61-62 होता, आता 85 च्या पुढे. घसरण जवळपास सारखीच.

पागोळी

हा मुद्दा बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मान्य करते. पण 1998 बघितलेल्या माणसाला विचारा. वर्षभरात 2,400 चे 16,000 झाले होते.

आणि एलआरटी म्हणाल तर पेगांगसान दुआ ते वेलोड्रोम, 5.8 किलोमीटर, सहा स्थानकं. 2019 च्या डिसेंबरपासून चालू आहे, मी वापरते, झकास आहे. पण ऑफिस सुदिरमानला, म्हणजे ऑफिसांच्या हमरस्त्यावर, असेल तर वेलोड्रोमला उतरून पुढे बसच. मांगाराईपर्यंत वाढवायचं काम 2023 मध्ये हाती घेतलं.

जावाची सून

माझा नवरा इंडोनेशियन, म्हणून मला सगळे सांगायचे की तुला काय अडचण, त्याच्या नावावर घे. लग्नाआधी मालमत्तेचा करार केला नव्हता. त्यामुळे घर दोघांचं धरलं जाणार आणि मी परदेशी, म्हणून हाक मिलिक त्यालाही मिळेना. स्वतःच्या देशात! 2016 मध्ये इथल्या घटना न्यायालयाने लग्नानंतरही करार करायला परवानगी दिली, तेव्हा कुठे आमचं जमलं. सख्ख्या नवऱ्याच्या नावावर घ्यायला ही तऱ्हा, आणि तुम्ही ऑफिसातल्या माणसाच्या नावावर घ्या म्हणताय, दर्यावर्दीभाऊ?

दर्यावर्दी

ठीक आहे. नावाचा भाग मूळ लिखाणातून काढतो. तो सल्ला मलाही कोणीतरी दिलेला होता, मी तपासला नव्हता. मात्र परवाना पक्का असेल, दहा-पंधरा वर्षं राहणार असाल, तर हाक पाकाईवर घर घ्यावं, यावरून मी हटणार नाही.

पागोळी

तेवढ्याला माझी हरकत नाही. काढलंत की त्या "सेव्ह केली" म्हणणाऱ्या चौघांनाही कळवा. त्यांच्याकडे जुनंच राहिलंय.

सांडगी मिरची

घ्या किंवा भाड्याने घ्या, पण घर बघायला भर पावसाळ्यात जा, जानेवारीत. फाटकाशी उभं राहून बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग असेल तर शेजारणीला विचारा. ती सांगते.