‘इमर्सिव्ह’ नृत्यासाठी ‘निमज्जक’ हा शब्द योग्य आहे का?

प्रश्न : रत्नागिरीत होणाऱ्या एका नृत्य कार्यशाळेचे माहितीपत्रक मी मराठीत लिहीत आहे. तिच्यात नर्तक प्रेक्षकांमधूनच फिरतात, त्यांना हाताला धरून सोबत घेतात आणि अखेरीस तेही नाचू लागतात. अशा ‘इमर्सिव्ह’ नृत्याला ‘निमज्जक नृत्य’ म्हणावे, असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. आपले मत कळवावे.

उत्तर : व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्द शुद्ध आहे, आपल्या परिचयाचा ‘निमग्न’ हाही ‘मज्ज्’, म्हणजे बुडणे, याच धातूपासून आला आहे. परंतु वाचनात निमग्न असलेला माणूस जागचा हलत नाही, आणि तुमच्या प्रेक्षकाला तर उठून नाचायचे आहे. शिवाय ‘इमर्सिव्ह’ प्रयोगात प्रेक्षक नाचतोच असे नाही. २००० साली स्थापन झालेल्या पंचड्रंक या ब्रिटिश नाट्यसंस्थेच्या गाजलेल्या प्रयोगांत प्रेक्षक मुखवटे लावून दालनादालनांतून हिंडतात, पण मुख्यतः पाहतातच. याउलट ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी पाहणारा आणि करणारा यांतील भेदच नाकारला व दोघांसाठी मिळून एक जोडशब्द घडवला. तुमची कार्यशाळा या दुसऱ्या वाटेने जाणारी दिसते.

‘निमज्जक’ म्हणजे बुडवणारा. त्यात बुडणाऱ्याच्या इच्छेला जागा उरत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचवली जाते, तेव्हा आतापर्यंत कडेला उभा असलेला गावकरी आपण होऊन पुढे येतो आणि खांदा देतो. हा आपलेपणा ‘सहभागी’ या साध्या शब्दात आहे.

प्रश्न : मग कोकणातील नमन या लोककलाप्रकारात नाचणाऱ्यांना ‘खेळे’ म्हणतात, त्या शब्दावरून प्रेक्षकांना ‘सहखेळे’ म्हटले तर?

उत्तर : शब्द कानाला गोड लागतो, तरीही मी तो टाळेन. नमनाचे खेळे देवाच्या नावाने, गावाच्या रीतीप्रमाणे उभे राहतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला ते नाव दिल्यास दोन्हींचा अर्थ पातळ होईल. ‘सहभागी नृत्य’ असे शीर्षक द्यावे आणि खाली स्पष्ट लिहावे : ‘या प्रयोगात पाहणाऱ्यांनाही नाचात सामील होता येते. ज्यांना केवळ पाहायचे असेल, त्यांनी आरंभीच तसे सांगावे.’