पेनिसिलिनच्या आधीचा लाल रंग

पेनिसिलिन येईपर्यंत जंतुसंसर्गावर औषधच नव्हतं, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. ते काही पटलं नाही. मलेरियावरचं क्विनाइन जुनंच, आणि उपदंशावरचं (सिफिलिसवरचं) एर्लिख व हाता या शास्त्रज्ञांचं साल्वर्सान, म्हणजेच '606', 1910 मध्ये बाजारात आलं होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती प्रोन्टोसिलची कथा. हा एक लाल रंग. 1932 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डोमाक यांनी तो स्ट्रेप्टोकोकस या जंतूची लागण झालेल्या उंदरांना दिला आणि ते जगले. पण काचेच्या नळीत तोच रंग त्या जंतूंना काहीच करेना! कोडं सुटलं 1935 मध्ये, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. शरीरात रंगाचा रेणू तुटतो, त्यातून सल्फानिलामाइड सुटं होतं आणि खरं काम तेच करतं. ते 1908 पासून माहीत होतं, म्हणून पेटंटची आडकाठी न येता कुणालाही बनवता येत होतं.

त्याच कुळातलं 1938 चं 'एम अँड बी 693' हे औषध न्यूमोनियावर चालायचं. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आजी सांगायची, तिच्या थोरल्या भावाला डॉक्टरांनी 'एमबीच्या गोळ्या' दिल्या. रात्रभर ती त्याच्या उशाशी बसली होती आणि तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली.

आणि आपले डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कसे विसरायचे? काला आजार या जीवघेण्या तापावरचं युरिया स्टिबामाइन हे औषध त्यांनी कलकत्त्यात, गॅस नाही की पाण्याचा नळ नाही अशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात तयार केलं.