कमी गर्दीच्या क्रूझला दुप्पट पैसे द्यावेत का? माझं मत: म्हातारं माणूस सोबत असेल तर द्यावेत

लातूर_मेडिकल

परवा घरी जेवताना यावरून भावाशी चांगलंच वाजलं, तो म्हणे तुला पैसा जड झालाय, म्हणून इथं मांडायलोय. ज्यांना उलट वाटतं त्यांनी मोकळं बोलावं.

आम्ही दोनदा क्रूझ केली. पहिली २०१९ ला दिवाळीत सिंगापूरहून, तीन रात्री, मोठं जहाज, तीन हजारांच्या वर माणसं. दुसरी यंदा सप्टेंबरात ग्रीसला, जहाज लहान, नऊशेच्या आसपास प्रवासी. माणशी एका दिवसाचा खर्च काढला तर दुसरीचा दुपटीच्या वर बसला. दोन्ही वेळेस आई सोबत होती. आता ७२ ची आहे, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.

पहिल्या जहाजावर खोली खालच्या मजल्यावर आणि जेवण पार वर, लिफ्ट यायची ती भरूनच यायची, दार उघडायचं, आतली माणसं आपल्याकडं बघायची अन् दार बंद. सकाळी सहाला डेकवर गेलो तर माणूस एक नाही पण सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा धरलेल्या, लाल डब्यात रुमाल टाकून धरतो ना तसं. अन् शेवटच्या दिवशी उतरायच्या वेळी नंबरवार गट केलेले, आमचा नंबर यायला दीड तास, हॉलमधे बसायला जागा नाही. शेवटी मी बॅग आडवी टाकली अन् आईला त्या बॅगेवर बसवलं. येणारे जाणारे तिच्या डोक्यावरून वाकून बघायचे नंबर कितवा चाललाय ते. ती काही बोलली नाही पण परत आल्यावर सहा वर्षं समुद्राचं नाव काढलं नाही तिनं.

यंदा कसंबसं तयार केलं. दुसऱ्याच दिवशी चहा देणाऱ्या पोरानं न सांगता बिनसाखरेचा आणला. मागच्या डेकवर ती तासन् तास बसायची, कोणी उठा म्हणायला नाही. एकदा मला विचारती, एवढ्या माणसांच्या आंघोळीचं पाणी कुठून आणायलेत रे? मी सांगितलं समुद्राचंच पाणी मशीनवर गोडं करतात. लातूरच्या बाईला ते पटायला वेळ लागला, २०१६ ला रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हा आमच्या गल्लीत ती स्वतः हंडे घेऊन उभी राहिलेली. नळ सोडून हातावर धार घेऊन बघितली तिनं.

तर जास्तीचे पैसे कशाचे गेले म्हणाल तर आठ दिवसात आईला कुठंच ताटकळत उभं राहावं लागलं नाही, त्याचे. मला ते वसूल वाटतात. बोला.

नांदेडचा_गोतावळा

भाऊ, आईचं ऐकून वाईट वाटलं, पण मत पटलं नाही.

आम्ही अकरा जण गेलतो, मी, बायको, दोन भाऊ, वहिन्या, लेकरं अन् आईवडील. देवगिरीनं मुंबई, बॅलार्ड पिअरहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज, गोवा करून परत. तुमच्या एका माणसाच्या ग्रीसच्या पैशात आमची किती माणसं जाऊन आली ते तुम्हीच मोजा. गर्दी होती, नाही म्हणत नाही. पण रात्री डेकवर गाणी लागली तेव्हा ओळख ना पाळख असल्या बाया वडलांना हाताला धरून नाचायला घेऊन गेल्या, माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा नाचताना बघितला मी. नऊशे गोऱ्या म्हाताऱ्यांच्या जहाजात हे झालं असतं का? आपल्याला लग्न पाचशे माणसांशिवाय लग्न वाटत नाही अन् सहलीलाच शांतता कामून पाहिजे?

अन् लहान महाग जहाजांवर लेकरांचं काय? वायकिंगसारखी कंपनी तर १८ च्या खालचं कोणी घेतच नाही. म्हणजे नातवंडं घरी ठेवून आजीला न्यायचं. आमच्या घरात ते चालणार नाही.

सफर_संभाजीनगर

मी बुकिंगच्याच धंद्यात आहे, पंधरा वर्षं झाली, तर दोघांनाही एक सांगतो. माणसं किती हा आकडा बघून गर्दी कळत नाही. आमच्याकडे बघतात ते माणशी जागा. जहाजाचं ग्रॉस टनेज भागिले प्रवासी. हे टनेज वजन नाही, जहाजाच्या आत जागा किती याचं माप आहे, बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो.

आता बघा. आयकॉन ऑफ द सीज, जानेवारी २०२४ ला सुरू झालं, टनेज २,४८,६६३, एका खोलीत दोघं धरले तर ५,६१० प्रवासी. भागाकार ४४. नांदेडकर ज्या एम्प्रेसवर गेले ते १९९० चं जहाज, टनेज ४८,५६३ आणि दोघं-दोघं धरून साधारण १,६०० प्रवासी, भागाकार ३०. म्हणजे लहान जहाजावर माणशी जागा कमी! लातूरकर ज्या प्रकारच्या जहाजावर गेले तिथं हा आकडा पन्नाशीच्या आसपास असतो, आणि त्याहून महाग जहाजं सत्तरच्या घरात जातात.

पण यात एक मेख आहे आणि ती ब्रोशरमधे कोणी सांगत नाही. खोलीत तिसरा-चौथा बेड पण असतो. त्याच आयकॉनवर सगळे बेड भरले तर ७,६०० माणसं बसतात, मग भागाकार ४४ वरून ३३ च्या खाली. दिवाळीत, मे महिन्यात, नाताळात हे बेड लेकरांनी भरलेले असतात. लातूरकरांनी दिवाळीत केली ना? तिथंच फसले.

परभणी_मास्तर

मला आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. पैसे जास्त देऊन गर्दी टाळायची म्हणजे बहुतेक वेळा काय होतं, त्याच जहाजात वेगळा कोपरा विकत घ्यायचा. एमएससी कंपनीचं यॉट क्लब, नॉर्वेजियन कंपनीचं हेवन, सिंगापूरच्या गेंटिंग ड्रीमवर पॅलेस. वेगळी लिफ्ट, वेगळा पूल, वेगळी खानावळ, आणि चढताना उतरताना तुम्ही पहिले. देवळात पैसेवाल्या दर्शनाची रांग असते तसं. मी वडलांना खांद्यावर हात टाकून चार तास रांगेत उभा होतो एकदा, आणि शेजारून पास काढलेली माणसं सरसर पुढं जायली, प्रत्येक वेळी आमची रांग थांबवून. तुम्ही पैसे देऊन गर्दी कमी करत नाही, तुमच्या वाट्याची गर्दी दुसऱ्याच्या आईवर ढकलता. मला हे कधीच पटणार नाही, परवडलं तरी.

लातूर_मेडिकल

मास्तर, कोपरा विकत घेण्याबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. सिंगापूरला मी तेच बघितलं, लिफ्टमधून एक दांपत्य कार्ड दाखवून थेट वर गेलं आणि आई मागं राहिली. म्हणून तर त्याच जहाजावरची वरची खोली घेतली नाही, जहाजच बदललं. तिथं सगळ्यांना एकच लिफ्ट अन् एकच जेवणघर. आमच्या पैशानं कोणाची रांग लांबली असं मला तरी दिसलं नाही.

परभणी_मास्तर

जहाजावर नसेल लांबली. पण माणशी एवढी मोठी जागा समुद्रावरून हलवायची तर माणशी इंधनही जास्तच जळणार ना? त्या धुरानं हवामान बिघडतं ते कोणाच्या वाट्याला जातं? आपल्याकडं पाऊस दोन आठवडे लांबला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

लातूर_मेडिकल

याला माझ्याकडं उत्तर नाही मास्तर. खरंच नाही.

धाराशिवची_लेक

मी पण आईला घेऊन लहान जहाजावर गेले होते म्हणून लिहिते. दोनशे माणसांचंच होतं, कंपनीचं नाव सांगत नाही. लोक सांगत नाहीत ते हे, की जहाज लहान तेवढं हलतं जास्त. मोठ्या जहाजाला लाट कळतही नाही अशा समुद्रात आमच्या खोलीतला पाण्याचा ग्लास टेबलावरून घसरून पडला. आई दोन दिवस आडवी, पोटात पाणी ठरेना, मी नुसतं आलं अन् लिंबू देत बसले. जहाजाचं डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असतात म्हणे, असतील, पण आमची खोली एकदम पुढच्या टोकाला होती, तिथं सगळ्यात जास्त हलतं हे बुक करताना कोणीच सांगितलं नाही. मधली आणि खालची खोली मागायची असते, हे मला नंतर कळलं.

शिवाय जेवण. मोठ्या जहाजांवर, खासकरून सिंगापूर-मुंबईच्या, इंडियन जेवण मिळतंच, जैनसुद्धा मिळतं. आमच्या जहाजावर आईला आठ दिवस उकडलेला बटाटा अन् भात. मी शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं. आणि भाड्यात दारू धरलेली! आई माळकरी, मी घेत नाही, मग ते पैसे आम्ही कशाचे भरले? त्यामुळं दुप्पट पैसे म्हणजे दुप्पट आराम, हे डोक्यातून काढून टाका.

सफर_संभाजीनगर

ताईंचा दारूचा मुद्दा लाख मोलाचा. पण उलट बाजूही बघा, स्वस्त जहाजावर टीप वेगळी लागते, मोठ्या अमेरिकन कंपन्यांची माणशी रोज १८ डॉलरच्या आसपास, इंटरनेट वेगळं, फिरवणं वेगळं. महागड्यात हे बहुतेक धरलेलं असतं. म्हणून दुप्पट दिसतं ते हिशेब केल्यावर दीडपट निघतं कधी कधी. दारू न घेणाऱ्याला मात्र तेवढं नाही निघत, हे खरं.

आणि काही ठिकाणी तर लहान जहाजाला पर्यायच नाही. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात २०२१ पासून २५,००० टनेजच्या वरच्या जहाजांना बंदी आहे. अंटार्क्टिकाला तर एका जागी एका वेळी १०० च माणसं उतरवायचा नियम आहे, ५०० च्या वर प्रवासी असलेलं जहाज माणसं उतरवूच शकत नाही, लांबून बर्फ बघून परत. तिथं स्वस्तातलं मोठं जहाज घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

औसा_सोयाबीन

तुमचं सगळं वाचलं. माझं म्हणणं एवढंच की गर्दी टाळायला पैसे नाही, तारीख लागती. शाळा चालू असताना जायचं, सोमवारी सुटणारं जहाज धरायचं, शनिवार-रविवार सोडून. अन् बंदराला लागलं की सगळे खाली पळतात, त्या दिवशी जहाजावरच थांबायचं, पूल मोकळा, जेवण मोकळं. आमच्या मेव्हण्यानं असंच केलं.

पण आमचंच बघा ना, आम्हाला ते जमत नाही. सोयाबीन निघती अन् पैसा हातात येतो तो दिवाळीच्या तोंडावर. त्यातबी भाव पडला तर तेबी नाही. एकदा रब्बीची पेरणी लागली की घर सोडता येत नाही. मग आमच्यासारख्याला दिवाळीच, अन् दिवाळीत तिसरा बेड भरलेलाच. नोकरीवाल्यानं अन् दुकानवाल्यानं तारीख बदलावी, दुप्पट पैसे कशाला घालता?

नांदेडचा_गोतावळा

बरोबर बोललास दादा. लातूरकर, तुमचं मेडिकल आहे, मे-दिवाळी सोडून कधीही जाता येतंय तुम्हाला. तेच मोठं जहाज जुलैत घेतलं असतं तर आईला लिफ्ट मिळाली असती अन् निम्म्या पैशात भावाचं कुटुंब पण आलं असतं. तुमच्या भावाचा राग त्याचाच असेल बघा.

लातूर_मेडिकल

भावाबद्दल बरोबर ओळखलंत. तो बोलला नाही पण तेच आहे. त्याची दोन लेकरं, त्यांना नेलं असतं तर एवढा खर्च झेपला नसता. ते मला लागलंय.

तारखेचं पण मान्य, सप्टेंबर आम्ही त्यासाठीच धरला होता. पण ग्रीसमधे सप्टेंबरात पण झुंबड असती. सँटोरिनीला आम्ही होतो त्या दिवशी बाजूला दोन मोठाली जहाजं उभी होती. तिथं २०२५ पासून दिवसाला ८,००० च क्रूझ प्रवासी अशी मर्यादा केलीय तरी वरती गावात जायच्या केबल कारची रांग खालून दिसत होती. म्हणजे जहाजावर गर्दी नसली तरी खाली उतरल्यावर ती आहेच, ते पैसे देऊन टळत नाही. आम्ही रांग बघितली अन् वर गेलोच नाही, खाली धक्क्यावर बसून आईनं मासे सुकवायची जाळी बघितली, तिला तेच आवडलं.

नांदेडचा_गोतावळा

एक विचारू का, वाद बाजूला ठेवून. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागत नाही म्हणतात, मधे समुद्रात उभं राहून लहान बोटीत उतरावं लागतं. आईच्या गुडघ्याला कसं जमलं ते? माझ्या आईचं पण पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे.

लातूर_मेडिकल

तेच सगळ्यात अवघड होतं. जहाजाच्या पोटात एक दार उघडतात, बाहेर बोट वर-खाली होत असती, हातभर तरी. दारात दोन माणसं उभी असतात. ते हात धरा म्हणत नाहीत, आपला दंड धरतात, कोपराच्या वर, दोन्ही बाजूनं. आईला वाटलं लगेच पाय टाकायचा, तिनं उचलला पण, तर त्यानं मान हलवून थांबवलं. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरीला बोट दाराच्या बरोबरीला आली तेव्हा त्यानं दंड हलकासा दाबला अन् आई पलीकडं. ऑपरेशनचा पाय पुढं टाकायचा नाही, धड पाय पुढं, हे तुमच्या आईला आधीच सांगून ठेवा.

मागं आमच्या पंधरा-वीस माणसं होती. तीन लाटा जाईपर्यंत सगळी थांबली, कोणी चला चला केलं नाही. २०१९ ला नुसत्या जिन्यावर मागून ढकलत होते.

नांदेडचा_गोतावळा

धड पाय पुढं. लिहून ठेवलं. त्या जहाजाचं नाव मेसेज करा, लेकरांना आजोळी ठेवता येतंय का बघतो.