मदत हवी आहे: डार्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत टाकीची पातळी मोजताना आकडे उडतात

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या १००० लिटर टाकीसाठी रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डचा लिनक्स संगणक) वर पाणीपातळी मोजायची आहे. पडद्यासाठी फ्लटर (डार्टमध्ये अॅप बनवायची चौकट) वापरलंय, म्हणून पायच्या पिना वाचायचं कामही डार्टमध्येच, डार्ट पेरिफेरी पॅकेजने.

सेन्सर एचसी-एसआर०४, आवाजाचा पडसाद परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा. ट्रिगर पिनला, म्हणजे मोजणी सुरू करायला, १० मायक्रोसेकंदांचा पल्स देतो. एको पिन (पडसाद येईपर्यंत चालू राहणारी) ५ व्होल्ट देते आणि पाय फक्त ३.३ सोसतो, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि ग्राउंडकडे २ किलोओहमचे रोधक लावलेत. जोडणी मल्टिमीटरने तपासली आहे, ती बरोबर आहे.

अडचण अशी: पाणी स्थिर असतानाही दर १५-२० मोजण्यांत एखादा आकडा १०-२० सेंमीने जास्त येतो. ५८ मायक्रोसेकंद म्हणजे १ सेंमी, म्हणजे एको पिन पुन्हा पुन्हा वाचणारा लूप १ मिलिसेकंद थांबला तरी १७ सेंमीचा फरक. संशय गार्बेज कलेक्शन (डार्टची न लागणारी मेमरी साफ करणं) आणि लिनक्सच्या शेड्युलरवर (कोणत्या कामाला कधी वेळ द्यायचा ते ठरवणारा) आहे. मोजणीसाठी वेगळा आयसोलेट (डार्टमधला स्वतंत्र चालणारा भाग) करूनही फरक पडला नाही. एकाच गटातले आयसोलेट हीप (मेमरीचा साठा) वाटून घेतात, हे कारण असावं. ५ मोजण्यांचा मध्यक घेतला की पडदा शांत होतो, पण मोटर बंद करायचा निर्णय त्यावर सोडायला मन धजत नाही.

लूपने पिन वाचण्याऐवजी कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक एजला, म्हणजे पिन चालू-बंद होताना, देतो तो टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) डार्टमधून कुणी वापरलाय का? की मोजणी सरळ पिकोवर (रास्पबेरी पायचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) टाकून यूएसबीने आकडा घ्यावा?

आणखी एक, टाकीत बाष्प धरतं म्हणून जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घ्यायचा विचार आहे. त्याला जवळचे २०-२५ सेंमी दिसत नाहीत. टाकी काठोकाठ भरताना तो किती उंच बसवता? कोल्हापुरात कुणी बसवला असेल तर जोडणीचा फोटो टाका, प्लीज.